मुका फटफटीवाला

त्याची फटफटी एका किकमध्ये सुरू व्हायची. माझी होत नसे. एवढ्यात सगळं आलं खरं, पण पत्रकं लिहून लिहून मला सवय लागली आहे की कारणं दिल्याशिवाय निषेध नोंदवायचा नाही. म्हणून कारणं देतो.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. आम्हा पोरांना वाटत होतं, आता जे मागू ते मिळेल, फक्त नीट लिहून मागितलं पाहिजे. लिहिणारा मी होतो. अमरावतीत आमची एक छोटी समिती होती आणि तिची मागणी साधी होती. अकोल्याजवळ एक जीन होतं, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. गावोगावच्या बैलगाड्या कापूस भरून संध्याकाळी त्याच्या फाटकाशी लागायच्या आणि वजनाचा काटा सुरू व्हायचा दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर. मधल्या वेळात ऐन पौषात गाडीवान गाडीखाली आणि बैल उघड्यावर. कापसावर मात्र ताडपत्री. तिथे एक छप्पर टाका, शेकोटीला जागा द्या, एवढंच आमचं म्हणणं. मी पत्रकात लिहिलं होतं, "कापसाला पांघरूण, माणसाला दंव." ही ओळ माझी आहे. आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचं जे झालं ते तुम्ही पाहालच.

समितीचे अध्यक्ष आमच्या गल्लीतले एक वकीलसाहेब. त्यांनी कुठूनशी एक जुनी लष्करी फटफटी आणून समितीला दिली होती. लढाई संपल्यावर मोडीत निघालेली. रंग हिरवा, सीट फाटकी, आवाज असा की शेजारच्या घरातलं तान्हं पोर रडायला लागे. पत्रकांचे गठ्ठे घेऊन अमरावती ते अकोला जायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून ती रात्री आमच्या दारात उभी असे. सकाळी मी तिला लाथा घालत असायचो. किक हा शब्द तिच्या बाबतीत फार सभ्य आहे. वडील पौरोहित्य करायचे. ते आतून ओरडत, "अरे, तिची एकदाची शांत करून टाकू. मंत्र मी म्हणतो, दक्षिणा नको."

आणि हा यायचा.

हा म्हणजे नांदगाव खंडेश्वरकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा. घरची काळी जमीन, स्वतःची नवी काळी फटफटी, उंची माझ्यापेक्षा हातभर जास्त. कॉलेजात काही महिने माझ्याच वर्गात होता. मराठीच्या निबंधात मी पहिला यायचो आणि हा नापास व्हायचा. पुढे वडिलांनी त्याला शेतीवर परत बोलावून घेतलं. दिवाळीनंतर तो समितीत आला. समिती मी वाढवली, दारोदार मी फिरलो, शाईनं बोटं माझी काळी झाली, आणि हा आला तो थेट वकीलसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. कोणी बसवलं? कोणीच नाही. खुर्ची रिकामी होती म्हणून बसला. पण मी उभा होतो ना!

आमच्या गल्लीच्या तोंडाशीच तो इंजिन बंद करी आणि नुसता घरंगळत आमच्या दारापर्यंत येई. मला वाटे, पेट्रोल वाचवतो आहे. म्हटलं, जमीनवाले असेच असतात, जिथे तिथे वाचवतील. गल्लीच्या तोंडाशी गवळ्याची म्हैस बांधलेली असायची, ते मी रोज पाहत होतो. पण म्हशीचा आणि याच्या इंजिनाचा संबंध जोडावा, असं मला वाटलं नाही.

एके सकाळी तो आला तेव्हा गळा उघडा, ओठ निळे. माझी आई दारात रांगोळी काढत होती. तिनं विचारलं, "अरे, अंगावर काही घेतलं का नाहीस?"

"शाल होती काकू. बडनेऱ्याजोळ एका फटफटीवाल्याचा टायर पंक्चर झाला होता. तो बसला होता कुडकुडत, त्याले देऊन आलो."

"ओळखीचा होता?"

"नाई बा. फटफटीवाला होता."

जणू हे एक नातं आहे! आई आत गेली आणि बाहेर आली ती लाल मफलर घेऊन. तो मफलर तिनं माझ्यासाठी विणला होता. मी तो घालत नव्हतो, कारण लाल रंग आमच्या गल्लीत जरा जास्तच दिसायचा. पण घालत नाही म्हणून तो माझा नव्हता असं कोणी म्हटलं? तिनं तो त्याच्या गळ्यात घातला. स्वतःच्या हातानं. वर म्हणाली, "किती लांबून येतो बिचारा." मी त्याच दारात राहत होतो, ही काय माझी चूक?

चहा पिऊन झाल्यावर त्यानं पत्रकांचा गठ्ठा उचलला, सदऱ्याची बटणं उघडली आणि निम्मी पत्रकं छातीशी कोंबली. थंडीत फटफटी चालवणारे सगळेच असं करायचे. समोरून येणारा वारा कागदाला अडतो. कोणी जुनं वर्तमानपत्र घाली, कोणी पुठ्ठा. यानं माझी पत्रकं घातली.

"तुहे कागद लय गरम हायेत रे महाराज," तो म्हणाला आणि हसला. भटजीचा मुलगा म्हणून तो मला महाराज म्हणायचा. वडीलही हसले. आईही हसली. मी फटफटीला लाथ घातली.

आता रस्त्यावरचं सांगतो. तेव्हा अमरावती-अकोला रस्त्यावर फटफट्या मोजक्याच. मुर्तिजापूरचे एक डॉक्टर, एक ओव्हरसियर, एक विमा एजंट, आणि आम्ही. समोरासमोर आलं की एकमेकांना हात करायचा, ही रीत. कोणी रस्त्याकडेला थांबलेला दिसला की आपणही थांबायचं आणि विचारायचं, "काय झालं?" प्लग काळा पडला असेल तर आपल्याजवळचा द्यायचा. पेट्रोल संपलं असेल तर नळीनं काढून द्यायचं. काहीच बिघडलं नसेल आणि नुसतेच हात गारठले असतील, तर दोघांपैकी ज्याचं इंजिन जास्त तापलेलं असेल त्याच्यावर दोघांनी हात शेकायचे. मी माझ्या गाडीवर सगळ्यांना हात शेकू दिले आहेत. ती तापायची मात्र छान.

पण मला ही सभ्यता खुपायची, आणि का खुपायची ते मी तेव्हाही बोलायचो. डॉक्टर मला हात करत, मी डॉक्टरांना हात करी. आमच्या दोघांच्या मध्ये बैलगाड्यांची रांग चाललेली असे. तिच्यातल्या एकाही माणसाला डॉक्टरांनी कधी हात केला नाही. सायकलवाल्याला नाही, डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या बाईला तर नाहीच. म्हणजे पेट्रोल जाळलं की माणूस, नाहीतर रस्त्यावरची धूळ. यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. वकीलसाहेबांनी ते फाडलं. म्हणाले, "डॉक्टर आपल्या बाजूचे आहेत. त्यांना का दुखवतोस?" मी तेव्हाही विचारलं आणि आजही विचारतो, आपल्या बाजूचा आहे म्हणून खरं सांगायचं नाही, तर मग कोणाला सांगायचं?

याला मात्र सगळे हात करायचे. डॉक्टर करायचे, ओव्हरसियर करायचा, आणि बैलगाडीवरची माणसंही करायची. गाडीवान चाबूक उचलून, पोरं कापसावर उभी राहून, लाल मफलर दिसला रे दिसला की "राम राम!" मी त्याच रस्त्यानं, तेवढ्याच वेळा, त्यांच्याच छपरासाठी जात होतो. मला एक हात नाही. उलट माझी चाहूल लागली की गाडीवान खाली उडी टाकून बैलांच्या वेसणी धरत आणि माझ्याकडे असं बघत की नजरेला शब्द असते तर ते छापता आले नसते.

मी स्वतःला समजावलं. जमीनवाल्याच्या पोराला लोक रामराम करणारच, जमिनीला करतात तो. पण मुर्तिजापूरच्या पुढच्या गाडीवानांना नांदगाव खंडेश्वरकडच्या जमिनीचं काय पडलं होतं? ही शंका मला आली होती. मी ती बाजूला सारली.

दुसरंही एक व्हायचं. आम्ही दोघं सोबत निघायचो. पुढे गाड्यांची रांग आली की त्याच्या फटफटीचा आवाज मागे एकदम बंद व्हायचा. मी पुढे निघून जायचो आणि मुर्तिजापूरला चहाच्या टपरीवर त्याची वाट पाहत बसायचो. तो बऱ्याच वेळानं येई. गाल लाल, तोंडातून वाफ, खुशीत.

"कुठे राहिलास?"

"गाड्या होत्या ना बे."

गाड्या होत्या! गाड्या मलाही होत्या. माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं की हा मागे थांबतो, गाडीवानांशी गप्पा ठोकतो आणि त्यांना आपल्याकडे ओढतो. कारण डिसेंबरात जिनाच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, आमच्याशी बोलायचं कबूल केलं होतं. मात्र अट अशी की घोळका नको, एकच माणूस बोलेल, आणि तो कोण हे गाडीवानांनीच ठरवायचं.

तो एक माणूस मी व्हायचं होतं. यात लपवण्यासारखं काय आहे? दोन हिवाळे मी ती वाक्यं घासत होतो. वर्गात मास्तरांनी माझा निबंध मोठ्यानं वाचून दाखवावा, त्याहूनही मोठी गोष्ट होती ही. शेठच्या तोंडावर, उभं राहून, माझीच वाक्यं, माझ्याच आवाजात. रात्री झोपेतही मी बोलत असे. वडील म्हणायचे, "भाषण नंतर दे, आधी कूस बदल." आणि जिथे तिथे मला लाल मफलर आडवा येत होता.

शेठशी बोलण्याचा दिवस उजाडला. दुपारी जिनाच्या आवारात, भिंतीच्या उन्हाच्या बाजूला, गाडीवान बसले होते. बैल सोडलेले, कडबा खात होते. वकीलसाहेबांनी काळा कोट घातला होता. मी धुतलेलं जाकीट, खिशात भाषण. तो तसाच, मफलर गळ्यात, सदरा पत्रकांनी फुगलेला. बसल्या बसल्या त्यानं बटणं काढली आणि आतले कागद काढून शेजारच्यांना वाटायला सुरुवात केली. कोणी वाचत नव्हतं. पण कागद ऊबदार होते, म्हणून सगळे हातात घट्ट धरून बसले.

शेठचा मुनीम येऊन म्हणाला, "चला, ठरवा लवकर. कोण बोलणार?"

गाडीवानांमध्ये पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा होता. सगळे त्याच्याकडे पाहत. तो म्हणाला, "त्यात ठरवाचं काय? ज्यानं हा कागद लिवला त्यालेच बोलू द्या. शायेतल्या पोरानं वाचून दाखवला आमाले. आमच्या पोटातलं लिवलं हाय त्यानं."

मी उभा राहिलो. जाकीट खाली ओढलं. भाषणावर हात ठेवला.

म्हाताऱ्यानं बोट केलं ते त्याच्याकडे.

"हा. आपला मुका."

मी म्हटलं, "मुका? कोण मुका?"

"ह्येच. याची फटफटी आमच्या बैलाजोळ आली का मुकी होते. बंद करते, उतरते, लोटत नेते. आमच्या शेवटच्या गाडीमांगं गेला का मंग सुरू करते. म्हनून आमी याले मुका म्हन्तो. नाव नाई मालूम."

आणि मी दोन महिने मुर्तिजापूरच्या टपरीवर बसून जळत होतो की हा गप्पा मारतो आहे!

पण तेव्हा मला ते सुचलं नाही. तेव्हा एकच गोष्ट डोक्यात होती. मी विचारलं, "आणि कागद यानं लिहिला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विचारलं होतं की बैलाला पाय किती.

"सांगाले काहून पाह्यजे? आमी पाह्यलं ना. दर बारीनं छातीतून काढून देते. दुसऱ्याचा कागद कोनी छातीशी ठेवते काय?"

पत्रकाखाली समितीचं नाव छापलं होतं, माझं नव्हतं. मीच म्हटलं होतं, नाव नको, चळवळीत मी-पणा नको. ते तत्त्व मी स्वतः लिहिलं होतं, ठळक अक्षरांत.

तो उठला. माझ्या मनात आलं, आता हा गप्प बसेल. मी त्याच्या जागी असतो तर, निदान एक क्षण तरी, गप्प बसलो असतो. तो एक क्षणही थांबला नाही.

"नाई बाप्पा," तो म्हणाला. "म्या एक अक्षर नाई लिवलं. मराठीत मास्तर मले दर बारीनं नापास करत होते. हे महाराज लिवतात. मले थंडी वाजते म्हनून म्या छातीशी कोंबतो."

सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. हेच मला हवं होतं ना? पण हे त्यानं मला दिलं होतं. इतक्या सहज दिलं होतं, जशी बडनेऱ्याला शाल दिली. त्याचाही मला राग आला. माझंच मला द्यायला हा कोण?

म्हातारा डोळे बारीक करून म्हणाला, "हे? हे तं हिरव्या फटफटीवाले."

मागून कोणीतरी म्हणालं, "बैल उधयवनारे!"

"परवा माह्या गाडीचं चाक नालीत गेलं यायच्यापायी!" दुसरा म्हणाला.

"महाराज," म्हाताऱ्यानं हात जोडले, अगदी गंभीरपणे. मिशा मात्र हलत होत्या. "तुमी आमच्यासाठी येवढं गोड लिवता. अन् आमच्या बैलाच्या कानात येवढं कडू बोलता. हे कसं काय?"

हशा पिकला. मी ओरडलो, "माझी गाडी एकदा बंद केली की सुरू होत नाही! तुम्हाला काय माहीत!"

"मंग लोटत न्या ना! आमी चिखलात नाई लोटत?"

आता तर बैलांनीही माना वर केल्या. वकीलसाहेब चष्मा पुसायला लागले. मी म्हटलं, प्रश्न फटफटीचा नाही, प्रश्न छपराचा आहे. हे वाक्य बरोबर होतं. आजही बरोबर आहे. पण ते कोणी ऐकलं नाही, कारण हसण्यात ते बुडून गेलं.

म्हाताऱ्यानं शेवटी निकाल दिला. "कागद महाराजाचा. तोंड मुक्याचं. चला."

मी खिशातलं भाषण काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते घेतलं, घडी केली आणि सदऱ्यात ठेवलं. छातीशी.

शेठच्या बैठकीत गाद्या होत्या, भिंतीशी सिगडी होती. आम्ही सगळे दाराशी उभे, तो पुढे. त्यानं माझा कागद बाहेर काढलाच नाही. तो म्हणाला, "शेठ, आमचा कापूस तुमच्या फाटकाशी वाकय पांघरून झोपते, अन् आमी दंव पांघरून झोपतो. तुमीच सांगा, आमच्यातलं महाग काय?"

शेठ हसले. मग एकदम हसायचे थांबले. सिगडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि त्याला म्हणाले, "आत या, बसा."

माझी ओळ चांगली होती. "कापसाला पांघरूण, माणसाला दंव." आटोपशीर, ठसठशीत, चार शब्दांची. त्यानं तिला वाकळ नेसवून गावाकडे नेली. कोणत्याही परीक्षकानं माझ्याच ओळीला जास्त गुण दिले असते. पण शेठ परीक्षक नव्हते, आणि थांबले ते त्याच्या वाक्याला. मग तो गाडीवानांच्या पोरांविषयी बोलला, बैलांच्या पाठीवर सकाळी दंवाचा थर कसा दिसतो ते बोलला. माझ्या भाषणातला "तीव्र निषेध" त्याच्या बोलण्यात कुठेच आला नाही. मी दाराच्या चौकटीला टेकून माझं भाषण दुसऱ्याच्या तोंडून ओळखायचा प्रयत्न करत होतो. मधूनच एखादा तुकडा ओळखू यायचा. जसा शेजारच्याच्या अंगावर आपला मफलर.

शेठनी कबूल केलं. भिंतीला लागून टिनाचं छप्पर आणि फाटकाच्या आत शेकोटीला जागा. बाहेर आल्यावर गाडीवानांनी त्याला खांद्यावर घ्यायला धरलं. तो सुटून पळाला आणि बैलांच्या मागे जाऊन लपला. एवढा मोठा माणूस, बैलांच्या मागे! वकीलसाहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जिंकलो." मी म्हटलं, "हो. जिंकला."

त्या रात्री आम्ही दोघं अकोल्याच्या जुन्या शहरात त्याच्या मावशीकडे उतरलो. मोर्णा नदीच्या पलीकडे, गल्लीत गल्ली. मावशीनं ज्वारीची भाकर आणि झुणका वाढला. भाचा काही न सांगता जेवत होता, म्हणून काय झालं ते मलाच सांगावं लागलं. मीच सांगत होतो की हा किती छान बोलला! आणि मी ते चांगलं सांगितलं. सांगता मला येतं.

सकाळी तो छपराच्या कामाला थांबणार होता, मी एकटा अमरावतीला परत. निघताना त्यानं गळ्यातला मफलर काढला.

"घे. तुहा हाय."

"असू दे. तुला थंडी वाजेल."

"मावशीची शाल हाय ना. काकूले सांगजो, लय ऊब होती." मग माझ्या फटफटीकडे पाहत म्हणाला, "भाषन तुहं खरंच लय चांगलं होतं बे. म्या रात्री वाचलं. मले तसं बोलता नाई येत, म्हनून मंग मी आपलं असंच बोल्लो."

तो थट्टा करत नव्हता. थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

मी मफलर घातला, कारण थंडी खरंच चावरी होती. त्याला त्याच्या अंगाचा, कडब्याचा आणि पेट्रोलचा वास येत होता. हिरवीला किती लाथा घातल्या ते मोजलं नाही. पुलावरून निघालो.

बोरगाव मंजू मागे पडलं आणि धुई उतरली. अशी धुई की पुढचा दिवा पुढच्या चाकापर्यंतही पोचेना. रस्त्याकडेची बाभळीची झाडं अंगावर आली की मगच दिसत. आणि त्या पांढऱ्यात मला घंट्या ऐकू आल्या. बैलांच्या गळ्यातल्या. पुढून, संथ, पुष्कळ. कापसाच्या गाड्या अकोल्याकडे निघाल्या होत्या.

मी गाडी बंद केली.

मला कोणाची दया आली म्हणून केली, असं कोणी समजू नये. माझ्या मनात एवढंच आलं की त्यानं जेवढ्या अंतरावरून बंद केली असती, त्यापेक्षा मी लांबून करतो. मग म्हणा मला बैल उधळवणारा! ती दोन-चार हात घरंगळली आणि थांबली. मी उतरलो आणि लोटायला लागलो. ती गाडी नाही, रणगाडा होता. हँडल बर्फासारखं. घंट्या जवळ आल्या, मग शिंगं, मग कापसाचे ढीग. पहिली बैलजोडी माझ्या शेजारून गेली. तिचा गरम श्वास माझ्या हातावर आला. एकाही बैलानं कान हलवला नाही.

"कोन होय बे?" वरून एका पोराचा आवाज आला.

"कोन असन?" त्याचा बाप म्हणाला. "लाल मफलर दिसत नाई का? मुका होय." मग मला मोठ्यानं, "राम राम, भाऊ! काल तुमी शेठसंग बोलले म्हने. रिकाम्या गाड्या परतल्या त्यायनं सांगितलं आमाले. लय चांगलं बोलले!"

मी तोंड उघडलं. माझं नाव, माझी ओळ, चार शब्दांची, सगळं जिभेवर आलं होतं. ती फटफटी मी लोटत होतो. हे हात माझे गारठले होते. ओळ त्याच्याकडे गेली, मफलर त्याच्याकडे जाऊन आला, आणि आता हेही त्याच्याच नावावर चाललं होतं. एक शब्द बोललो असतो तरी आवाजावरून कळलं असतं की हा तो नव्हे.

आणि कोण, हेही कळलं असतं.

मी हात वर केला. त्या बापानं चाबूक उचलून उत्तर दिलं. मागच्या गाडीवाल्यानंही उचलला, त्याच्या मागच्यानंही. त्या रस्त्यावर गाडीवानांनी हात केला तो मला तेव्हाच.

शेवटची गाडी गेल्यावरही मी किक मारली नाही. हिरवीचा आवाज सगळ्यांना ठाऊक होता. घंट्या अगदी ऐकू येईनाशा होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो, मफलर नाकापर्यंत ओढून, गार पडत चाललेल्या इंजिनावर हात ठेवून. मग किक मारायला सुरुवात केली. ती अर्थातच सुरू झाली नाही.